तिजोरी उघडून पाहावीच लागते



बँकांची प्रत्यक्ष तपासणी कालबाह्य झाली, संगणकावर येणारे आकडे पुरेसे आहेत, हा आपल्या अंकातील लेखाचा दावा चुकीचा आहे. ते आकडे बँकच भरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत रिझर्व्ह बँकेच्या पथकाने रोकड हाताने मोजली, तेव्हा १२२ कोटी रुपये कमी निघाले. वहीत ती रक्कम शाबूत होती.

पूर्वसूचनेविना तपासणी नियमबाह्य, हे लेखातले म्हणणेही खरे नाही. बँकिंग नियमन कायदा, १९४९ चे कलम ३५ रिझर्व्ह बँकेला केव्हाही तपासणीचा अधिकार देते.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेत तपासण्या होऊनही घोटाळा दडला, हे मान्य. पण तिथे २१ हजारांवर बनावट खाती दाखवून एका बड्या समूहाची कर्जे झाकली होती. खोट आकड्यांतच होती. म्हणून तपासणीची आखणी सुधारा. कोणती खाती पाहायची ते तपासनीसाने ठरवावे, बँकेने हाती दिलेल्या यादीने नव्हे. कर्जदाराच्या पत्त्यावर जाऊन यावे.

मी रोकड अधिकारी असताना तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे असे. एका तपासनीसाने पुढची बंडले सोडून मागच्या रांगेतली काढली, पट्ट्या फोडून नोटा मोजायला लावल्या. काउंटर तासभर खोळंबले, ग्राहक चिडले. लेखक याला ‘जाच’ म्हणतात. त्या नोटा ठेवीदारांच्या होत्या.

— एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे