शनिवारच्या दारूसाठी गुरुवारचा मेसेज

"डॉक्टर, मी काही रोज घेत नाही. फक्त शनिवारी, मित्रांबरोबर." लिव्हरचा रिपोर्ट समोर ठेवला की हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. किती घेता, असे विचारले तर उत्तर येते, "थोडीच हो!" मी समजावून सांगतो, पेशंट मान डोलावतो आणि घरी जातो. अडचण अशी, की माझा सल्ला मंगळवारी सकाळी मिळतो आणि ग्लास भरला जातो शनिवारी रात्री. तोवर सल्ला विरून गेलेला असतो.

ही दरी मोबाइलवरचा साधा मेसेज थोडीफार भरून काढू शकतो, असे माझे मत आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात इमर्जन्सी विभागात आलेल्या १८ ते २५ वयाच्या ७६५ तरुण-तरुणींवर याचा अभ्यास झाला. त्यांचे पिणे धोक्याच्या पातळीवर होते. एका गटाला १२ आठवडे दर गुरुवारी मेसेज जाई: या वीकेंडला जास्त पिण्याचा बेत आहे का? मर्यादा ठरवणार का? रविवारी पुन्हा विचारणा: किती घेतली? उत्तराप्रमाणे त्यांना लगेच प्रतिसाद मिळे. दुसऱ्या गटाला फक्त प्रश्न विचारले, प्रतिसाद नाही. तिसऱ्याला काहीच नाही. तीन महिन्यांनी फक्त पहिल्या गटात अतिमद्यपानाचे दिवस कमी झाले. घट लहानच होती, महिन्याला साधारण अर्धा दिवस. पण एवढ्या स्वस्त उपायासाठी ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

यातून मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, प्रश्न पिण्याच्या आधी विचारला गेला. दुसरी, आकडा पेशंटने स्वतः ठरवला आणि पलीकडून कोणीतरी त्याची दखल घेतली. "पिऊ नका, तब्येत बिघडेल" असे फॉरवर्ड रोज पाठवून हे साधत नाही. घरच्यांनीही हे ध्यानात घ्यावे. उपदेशाचा मेसेज न वाचताच पुढे सरकवला जातो, पण "आज किती घ्यायचे ठरवले आहे?" या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

मर्यादा ठरवायची तर मोजमाप कळायला हवे. व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असते. क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार पेग! "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. आणि अमुक इतकी दारू सुरक्षित, अशी कोणतीही पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

आपल्याकडे हे जमेल का? गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत दाखवून दिले, की डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समुपदेशकही मोजक्या भेटींत लोकांना दारूपासून दूर राहायला मदत करू शकतात. अशा भेटींना मेसेजची जोड देणे अवघड नाही. मात्र आपल्याकडे एकच फोन घरात अनेक जण हाताळतात. त्यामुळे पेशंटची संमती घ्यावी आणि मेसेजमध्ये 'दारू' हा शब्दही नसावा.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, घेतल्याशिवाय बरे वाटत नाही, अशी स्थिती असेल तर मेसेजवर विसंबू नका आणि स्वतःच्या मनाने अचानक बंदही करू नका. फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

बाकीच्यांनी आजच मोबाइलमध्ये गुरुवार संध्याकाळचा रिमाइंडर लावावा: "या शनिवारी किती?" आकडा लिहा, तो एका विश्वासू मित्राला कळवा आणि रविवारी त्यालाच खरे उत्तर द्या.