राजा घाटावरून जाहीर इशारा

वाराणसी महानगरपालिकेच्या पुढच्या निवडणुकीत राजा घाटाच्या परिसरातून जे कोणी उभे राहू पाहताहेत, पक्षाच्या तिकिटासाठी लखनऊच्या खेपा घालताहेत किंवा अपक्ष म्हणून नशीब अजमावायच्या विचारात आहेत, त्या सर्वांना घाटाच्या वरच्या गल्ल्यांत राहणाऱ्या मराठी घरांतर्फे हा इशारा आहे. निवडणूक २०२८ मध्ये आहे, तोवर पुष्कळ पाणी वाहून जाईल, असं म्हणून तो बाजूला सारू नका. आम्ही दिलेली मुदत निवडणुकीची नाही. यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या देवदिवाळीपर्यंतचीच ती आहे.

आधी मागचा निकाल नीट वाचा, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी तो उलटा वाचला आहे. ४ मे २०२३ रोजी मतदान झालं, १३ मे रोजी मोजणी. भारतीय जनता पक्षाचे अशोक तिवारी महापौर झाले. समाजवादी पक्षाचे ओमप्रकाश सिंह यांच्यापेक्षा त्यांना सुमारे १ लाख ३३ हजार मतं जास्त पडली. शंभर वॉर्डांपैकी साठाहून अधिक वॉर्डही त्याच पक्षाकडे गेले. १९९५ पासून इथला महापौर याच पक्षाचा होत आला आहे, त्यामुळे निकालाच्या दिवशी कुणाला आश्चर्य वाटलं नाही. जिंकलेल्यांनी गुलाल उधळला आणि हरलेले 'लाटच होती' म्हणत घरी गेले. या एका आकड्यावरून दोघांनीही ठरवून टाकलं की गल्लीतल्या मूठभर मतांना विचारतो कोण?

तिथेच तुमचं चुकतं. लाखाचं मताधिक्य महापौराचं असतं, पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, नसतं. वॉर्डात उमेदवारांची गर्दी होते, बंडखोर उभे राहतात, मतं फाटतात आणि एकेका मतदान केंद्राचा हिशेब करायची वेळ येते. मुंबईत २०१७ साली २२० क्रमांकाच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांची मतं सारखी भरली. शेवटी चिठ्ठी काढली आणि चिठ्ठीनं शहांना नगरसेवक केलं. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेतली ही गोष्ट. त्या दिवशी प्रभागातलं कुठलंही एक घर, जे मतदानाची सुट्टी लोणावळ्यात घालवून आलं असेल, निकाल फिरवू शकलं असतं. आमची घरं थोडी आहेत हे आम्हाला ठाऊक आहे, आणि थोड्या घरांची किंमत कुठे लागते हेही आम्हाला चांगलं कळतं.

शिवाय यात आम्ही एकटे नाही. घाटाच्या मागे बंगाली टोला आहे, दक्षिणेला केदार घाटाकडे तमिळ, तेलुगू घरं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहूनही तुमच्या जातवार हिशेबात यातलं कुणीच बसत नाही. 'इतर' म्हणून एक रकाना असतो, त्यात आम्हाला सगळ्यांना कोंबलेलं असतं. तो रकाना भरला तर किती होतो, ते एकदा मांडून पाहा.

आता ज्या घाटासाठी हे चाललं आहे, त्याच्याबद्दल. प्रचाराचे फोटो तुम्ही ज्या पायऱ्यांवर काढता, त्या अमृतराव पेशव्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधल्या. कित्येक वर्षं हा घाट अमृतराव घाट म्हणूनच ओळखला जाई. अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणं घेतलं, तेव्हा अमृतरावांच्याच मुलाला, विनायकरावांना, पेशवाईवर बसवण्याचा बेत झाला होता. तो फसला. पुढच्या वर्षी इंग्रजांशी तह करून, सालाना सात लाखांच्या नेमणुकीवर अमृतराव पुण्याच्या राजकारणातून उठले ते कायमचे. कर्वी आणि काशी इथे राहिले आणि १८२४ मध्ये इथेच वारले. इतिहासकार त्यांच्याबद्दल फारसं बरं लिहीत नाहीत, आणि इंग्रजांचा पैसा घेतलेल्या माणसाची तरफदारी आम्हालाही करायची नाही. पण त्या पैशातून त्यांनी इथे दगड रचले, अन्नछत्र चालवलं. मत त्यांनी कुणाकडे मागितलं नव्हतं.

यंदाच्या जानेवारीत मणिकर्णिका घाटावर नूतनीकरणाचं तोडकाम सुरू असताना अहिल्याबाई होळकरांच्या स्मृतीशी जोडलेल्या बांधकामाची मोडतोड झाल्याची तक्रार उठली. पडसाद थेट इंदूरला उमटले. होळकरांच्या ट्रस्टनं जाब विचारला, सरकारनं फिरणारी काही दृश्यं बनावट असल्याचं सांगितलं, गुन्हे दाखल झाले. त्या वादात कोण किती खरं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. आम्ही त्यातून एवढंच घेतलं की अहिल्याबाईंच्या घाटाला धक्का लागला की विचारायला इंदूर आहे. शिंद्यांच्या घाटामागे ग्वाल्हेर उभं राहू शकतं. अमृतरावांच्या घाटामागे कोण आहे? संस्थान नाही, ट्रस्ट नाही. आहेत ती आमची मतं, आणि म्हणूनच ती आता आम्ही फुकट देणार नाही.

गाऱ्हाणं काय, ते एकाच गोष्टीवरून सांगतो, म्हणजे 'विकास करू' असं मोघम उत्तर द्यायची सोय उरणार नाही. दर पावसाळ्यात गंगा चढते. वाराणसीत धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात गंगा ७३.९०१ मीटरवर गेली होती. त्या उंचीचं पाणी रोज येत नाही, पण घाट बुडतो जवळपास दरवर्षीच, आणि पाणी उतरताना पायऱ्यांवर गाळाचा थर टाकून जातं. पहिले दोनतीन दिवस तो लोण्यासारखा मऊ असतो. पंपाचा झोत मारला की आपोआप नदीत सरकतो. तेवढे दिवस हुकले आणि वर ऊन पडलं की तोच थर तडकतो, घट्ट बसतो, मग कुदळ-फावड्याशिवाय हलत नाही. कुदळ दगडाच्या कडेवर बसते तेव्हा दोनशे वर्षांच्या सांध्यातला चुना निघतो, पुढच्या वर्षीचं पाणी त्याच फटीत शिरतं आणि पायरी खालून पोकळ होत जाते. वरून काहीच दिसत नाही, आणि मग एखाद्या सकाळी दगड डुगडुगतो. पहाटे स्नानाला उतरणाऱ्या सत्तरीच्या बाईचा पाय नेमका त्यावर पडतो.

म्हणजे हा सगळा दोनतीन दिवसांचा खेळ आहे. पंप कुठे आधी जातो? जिथे संध्याकाळची मोठी आरती होते, जिथे पाहुण्यांच्या बोटी लागतात तिथे. मधल्या घाटांची पाळी येईपर्यंत गाळ वाळलेला असतो. तक्रार न्यायला गेलं की या कचेरीतून त्या कचेरीत. सफाईचं एक खातं, सांडपाण्याचं दुसरं, बांधकाम परवान्याचं तिसरं, पर्यटनाचं चौथं, शिवाय स्मार्ट सिटीची कंपनी वेगळी. प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. कुठल्या खात्यानं आम्हाला किती फिरवलं, ते इथे लिहीत नाही, कारण आमचं भांडण खात्यांशी नाही. खात्यांना एका टेबलाशी बसवण्यासाठीच पार्षद निवडून द्यायचा असतो. ते भांडण तुमच्याशी आहे.

तेव्हा देवदिवाळीच्या आत आम्हाला काय हवं, ते ऐका. या घाटाचा गाळ पाणी उतरल्यापासून किती दिवसांत निघेल आणि कोण काढेल, हे जबाबदार अधिकाऱ्याच्या पदनामासकट लिहून मिळालं पाहिजे. पायऱ्यांची तपासणी चुन्याच्या जुन्या बांधकामाची जाण असलेल्या माणसाकडून झाली पाहिजे. सिमेंट थापून फटी बुजवणारा कंत्राटदार आम्हाला नको आहे, तो आला तर आम्ही पायरीवर बसून राहू. गंगेच्या काठापासून २०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर बंदी आहे. ती असावीच. पण तिच्या नावाखाली पडक्या वाड्याची तुळई बदलायलाही माणसाला चपला झिजवाव्या लागतात, त्याबद्दल तुमचं म्हणणं काय, तेही लिहा. आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ एस मध्ये तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. १९९३ पासून ती तरतूद अमलात आहे. ती समिती आमच्यासमोर, घाटावर बसवण्यासाठी तुम्ही काय करणार?

'निवडून आल्यावर बघू' हे उत्तर चालणार नाही. माहितीचा अधिकार वापरायला निवडून यावं लागत नाही. दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. जो माणूस आज एवढाही अर्ज करत नाही, तो उद्या सभागृहात तोंड उघडेल, यावर आम्ही का विश्वास ठेवावा? आज पदावर असलेल्यांना पुन्हा उभं राहायचं असेल, तर त्यांनाही हाच नियम. इंग्लंडमधल्या बरोचा कौन्सिलर सलग सहा महिने एकाही सभेला फिरकला नाही, तर त्याची जागा आपोआप रिकामी होते. तिथल्या १९७२ च्या कायद्यातच तसं आहे. कारण योग्य असेल तर आधी कौन्सिलकडून मान्य करून घ्यावं लागतं. कायदा काही आमच्या हातात नाही, म्हणून आम्ही आमच्या हातात आहे ते वापरू.

काय वापरू, तेही सांगून ठेवतो, मागाहून दगाफटका झाला म्हणू नका. मुदत संपली की ज्यांनी उत्तर दिलं आणि ज्यांनी दिलं नाही, अशा दोन याद्या गल्लीच्या तोंडाशी लागतील. दुसऱ्या यादीतल्या कुणालाही गणेशोत्सवात आरतीचं तबक मिळणार नाही, हार मिळणार नाही, माईक तर नाहीच. घराच्या भिंतीवर पोस्टर लागणार नाही. दारात येऊन आजींच्या पायांना हात लावण्याची तुमची रीत आम्हाला माहीत आहे. 'माताजी' म्हणत तुम्ही वाकाल तेव्हा आजी तुमच्या हातात या यादीची प्रत ठेवतील. मत तर जाणारच नाही, आणि बंगाली टोल्यातल्या शेजाऱ्यांनाही आम्ही कारण सांगून 'देऊ नका' म्हणू. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नसेल, तर दाबू.

हा इशारा आपल्या माणसांनाही आहे. काका, काकू, वहिनी, तुम्हालाच. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे झालं, असं समजून तुम्ही बसता. महाराष्ट्रात पालिकेसाठी विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडून वापरतात. उत्तर प्रदेशात तसं नाही. इथे राज्य निवडणूक आयोग नगरपालिकांसाठी वेगळी यादी करतो. म्हणजे लोकसभेला मत दिलेला माणूस महापालिकेला केंद्रावरून परत येऊ शकतो. २०२३ मध्ये नावं गायब असल्याच्या तक्रारी शहरभर झाल्या, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी केंद्रावर जाऊन हात हलवत परत येताना नशिबाला दोष दिला. यादी दुरुस्तीची मुदत सुरू होती तेव्हा यातलं कोण बघायला गेलं होतं? वारलेल्यांची नावं काढायची नाहीत, पुण्या-बंगळुरूला स्थायिक झालेल्या मुलांची नावं तशीच ठेवायची आणि मग बोगस मतदानाच्या नावानं बोटं मोडायची, हे बंद करा. ज्या घरातल्या सज्ञान माणसांची नावं पालिकेच्या यादीत नाहीत, त्या घरानं घाटाच्या बैठकीत तक्रार मांडू नये. मांडली तर आम्ही ऐकणार नाही. नात्यातलं माणूस असलं तरी नाही.

हे वाचून पुण्या-मुंबईच्या मंडळींनी हसू नये. ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावरून इथली निवडणूकही अडली होती. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं आरक्षणाचा मसुदा रद्द केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयोग बसला, अहवाल आला आणि मे महिन्यात मतदान उरकलंसुद्धा. तुमच्याकडे पुणे आणि मुंबई महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. चार वर्षांना जेमतेम दोन महिने कमी, तेवढा काळ प्रशासक, आणि रस्त्यावर कुणी फारसं उतरलं नाही. काशीला अस्थी घेऊन येता तेव्हा घाट घाण आहे म्हणून नाकाला रुमाल लावता. पुढच्या वेळी आलात की आमच्या बैठकीत बसा आणि तुमच्या मुठा नदीचं काय चाललं आहे, तेही सांगा.

उमेदवारांनी उत्तर कागदावर द्यावं, व्हॉट्सॲपवर नको. हिंदी, मराठी, बंगाली, भाषा कुठलीही चालेल. सही आणि तारीख नसलेला कागद उत्तर म्हणून धरला जाणार नाही.