झाकण उघडून दाखवा

अभ्यासिकेसाठी वर्गणीतून कॉम्प्युटर घ्यायचे ठरले की कमिटीत पहिला वाद ठरलेला: डेल, एचपी की लेनोवो? मला हा वादच चुकीचा वाटतो. एकाच कंपनीच्या ऑफिससाठीच्या आणि घरगुती डेस्कटॉपच्या बांधणीत जितका फरक असतो, तितका अनेकदा दोन कंपन्यांत नसतो. ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर यांचा पत्रा दणकट, बऱ्याच मॉडेलांचे झाकण पेचकसाशिवाय उघडते. मात्र एसएमपीएस बहुधा खास मापाचा. तो गेला की बाजारातला साधा बसत नाही.

शिवाय दणकट पत्र्याआडही खोट असते. डेलने मे २००३ ते जुलै २००५ दरम्यान विकलेल्या अनेक ऑप्टिप्लेक्सच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले, गळले. कंपनीला २००५ मध्ये ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. दोष ग्राहकांना सौम्य करून सांगा, अशा सूचना कर्मचाऱ्यांना होत्या, हे २०१० मध्ये खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले.

धान्याच्या ढिगात हात घातल्यावर पैगंबर मुहम्मद (स.) यांना तळाशी ओल लागली, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला विचारले की भिजलेले धान्य वर का ठेवले नाही. माझ्या मते डेललाही तोच प्रश्न लागू होतो, आणि सेकंडहँड कॉम्प्युटर विकणाऱ्या आपल्या मोहल्ल्यातल्या भाईलाही. पैसे देण्याआधी त्याला झाकण उघडायला लावा, कपॅसिटरची डोकी सपाट आहेत का पाहा, एसएमपीएस कुठे मिळेल ते त्यालाच विचारा. कुरकुर केली तर दुसरे दुकान गाठा.