डोळे उघडे ठेवून

पुण्याच्या भाचीने मला एक यादी पाठवली आहे. तिच्या शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना निसर्गाच्या आधाराने 'सजगता' शिकवायची आहे. डोळे मिटून आपण झाड आहोत अशी कल्पना करायची, विचार ढगांसारखे जाऊ द्यायचे, वगैरे. "मावशी, तुझं मत सांग," म्हणाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं खडू झिजवला आहे, तेव्हा मत आहेच. इथेच मांडते, म्हणजे बाकीच्या नातेवाइकांनाही वाद घालता येईल!

कल्पना चांगली आहे. माझं भांडण फक्त त्या डोळे मिटण्याशी आहे.

२००६-०७ ची गोष्ट. पंतप्रधानांचं पॅकेज आलेल्या सहा जिल्ह्यांत आपला वाशिम होता, म्हणजे काय चाललं होतं ते इकडच्यांना सांगायला नको. तेव्हा शाळेत एक पाहुणे आले. भले गृहस्थ. त्यांनी मुलांना ओळीत बसवून डोळे मिटायला सांगितले. दुसरीतली एक मुलगी काही केल्या मिटेना. नंतर मी जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, "डोये मिटले का बाबा दिसते, बाई." तिच्या बापाला जाऊन चार महिने झाले होते. कसा गेला ते लिहीत नाही.

त्या पोरीला स्वस्थपणा हवा होता, इतरांपेक्षा जास्तच हवा होता. पण तो मिटलेल्या डोळ्यांमागे नव्हता. तो सापडला वर्गाच्या भिंतीकडेला, पागोळ्यांच्या आत, जिथे पाऊस पोचत नाही आणि माती पिठासारखी मऊ राहते. तिथे नरसाळ्यासारखे इवलेसे खड्डे असतात. खाली तळाशी एक किडा दडून बसतो. मुंगी कडेवरून घसरली की तो डोक्याने माती उडवतो, मुंगी आणखी खाली येते. कधी निसटते, कधी नाही. ती मुलगी मधल्या सुटीत तिथे उकिडवी बसून राहायची. श्वास कसा घ्यायचा हे कुणी शिकवलं नव्हतं, पण जोराने श्वास सोडला तर माती ढासळते हे तिला आपोआप कळलं होतं. पुढे हा किडा पंख फुटून चतुरासारखा दिसतो हे मी सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. हळूहळू शेजारी दुसऱ्या मुली बसू लागल्या. बरी झाली वगैरे मी म्हणणार नाही. त्या वीस मिनिटांत ती तिथे होती, एवढं खरं.

लहान मुलाचं मन बाहेर असतं. त्याला आत ढकलायची घाई कशाला? आनापानाची बालशिबिरंसुद्धा साधारण आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी असतात. मोठ्या मुलांना जमतं आणि मानवतंही, त्याला माझा विरोध नाही. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये दलाई लामांच्या हस्ते आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा मी कौतुकानेच वाचलं होतं. पण पहिली-दुसरीला बघायला, ऐकायला, हाताळायला काहीतरी द्या.

हे काही माझं शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. बिया, पानं, खडे, शिंपले हेच त्यांचं साहित्य. वारली मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! माँटेसोरीबाईंचा शांततेचा खेळही असाच आहे. सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि लांबून कुजबुजत आपलं नाव कधी येतं ते ऐकायचं. ऐकायचं असतं म्हणून मुलं गप्प होतात, बाईंनी दटावलं म्हणून नाही. मी हा खेळ शाळेतल्या निंबाखाली घ्यायची. मग बोटांवर आवाज मोजायचे. उन्हाळ्याच्या शेवटी पावशा ओरडत असायचा, साळुंक्या भांडत असायच्या. एकदा एक पोरगा म्हणाला, "बाई, वाऱ्याचा आवाज मोजाचा का नाही?" त्यावर वर्गात जी चर्चा झाली ती मला अजून आठवते.

आमचे एक व्याही म्हणतात, खेड्यातल्या पोरांना कसला निसर्ग शिकवता? मला हे पटत नाही. निंदायला नेलेलं पोर निसर्ग बघत नसतं, ते काम करत असतं. शिवाय आता आमच्याकडे नजर जाईल तिथवर सोयाबीन, त्यावर तणनाशकाची फवारणी, आणि निम्मी मुलं सकाळीच गाडीत कोंबून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. मृगाचा लाल मखमली किडा माझ्या नातवाने मोबाइलवरच पाहिला. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. सहल काढा, जरूर काढा. पण रोजच्या दहा मिनिटांना सहल लागत नाही.

माझी अट एकच, याचा अहवाल मागू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा म्हटलं की बाई मुलांना बघतात, मुलं मोबाइलला बघतात, आणि मुंगी निघून जाते.

सध्या मला वेगळीच काळजी आहे. आमच्या गावच्या शाळेचं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकायचं घाटतंय. चिखल होतो हे खरं आहे, गणवेश खराब होतात हेही खरं. पण ब्लॉक भिंतीपर्यंत भिडवले की ते खड्डे गेले, निंबाच्या बुंध्याशी पाणी मुरायचंही बंद. व्यवस्थापन समितीला सांगून आले आहे की भिंतीकडेची दोन हात माती आणि निंबाभोवतीचा गोल तसाच सोडा. अध्यक्ष हसले, "बाई, किड्यासाठी का?" म्हणाले. हो म्हटलं. पावसाळ्याआधी ठरणार आहे.