चौकटीतले चौकोन

मुलांनो,

तुमच्या घराच्या भिंतीवर काय काय टांगलेलं आहे, आठवा पाहू. एखादी देवाची तसबीर असेल, पणजोबांचा काळा-पांढरा फोटो असेल, कॅलेंडर तर असतंच. काही घरांत आणखी एक चौकट असते. काचेच्या मण्यांनी किंवा रंगीत दोऱ्यांनी भरलेलं एखादं फूल, दोन पोपट आणि खाली ‘सुस्वागतम्’! आईनं नाहीतर मावशीनं लग्नाआधी कधीतरी दुपारच्या वेळी बसून भरलेलं. म्हणजे चौकटीत चित्र आणि चित्राखाली निरोप, ही कल्पना काही नवी नाही. फक्त तो निरोप एकदा भरला की भरला. तो बदलायचा तर सगळी वीण उसवावी लागे.

आता मात्र निरोप बदलणारी चौकट मिळते. तिला डिजिटल फोटोफ्रेम म्हणतात. दिसायला साध्या फोटोच्या चौकटीसारखी, पण आत कागदाचा फोटो नसतो, पडदा असतो. एकामागून एक फोटो येत राहतात आणि खाली आपण पाठवू ती ओळ उमटते. फ्रेम इंटरनेटला जोडलेली असली की दूरदेशी बसलेला माणूससुद्धा आपल्या फोनवरून फोटो बदलू शकतो, नवी ओळ लिहू शकतो.

अशीच एक फ्रेम आमच्या शेजारच्या आजींकडे आली. तिची गंमत आज सांगायची आहे. खरं तर सुरुवातीला ती गंमत मुळीच नव्हती.

आमचं गाव देवगड तालुक्यातलं. आजींचा धाकटा मुलगा मस्कतला नोकरी करतो. मोठा मुलगा गावातच असतो, आणि त्याची मुलगी माझ्याच वर्गात, चौथीत आहे. आजींना पंचाहत्तरावं वर्ष लागणार म्हणून मस्कतच्या काकानं ही फ्रेम पाठवली. घरच्यांनी ती देवघराशेजारच्या फळीवर ठेवली, वायर जोडली, आणि फोटो सुरू झाले. काका लहानपणी चड्डीत उभा आहे, आजोबा होडीजवळ बसले आहेत, नातीचं बारसं, एस.टी. स्टँडवर सगळे निघालेत... आजी नुसत्या बघत बसल्या.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी साडेनऊला काकानं निरोप पाठवला. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं, म्हणजे तिथं तेव्हा आठ वाजले होते. कामावर निघण्यापूर्वी त्यानं लिहिलं आणि गेला. नंतर फोनवर विचारलं, “आई, वाचलंस ना?” आजी म्हणाल्या, “वाचलं हो!”

पण त्या दिवसापासून आजींचं काहीतरी बिनसलं. रोज सकाळी चष्मा लावून ओसरीवर पेपर वाचणाऱ्या आजी, त्यांनी पेपर हातात धरला नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत नात माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, आजी वाचतच नाही. विचारलं तर रडते.”

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आजी हळूच म्हणाल्या, “बाईनू, माजी अक्षरां गेली!”

मुलांनो, हे वाक्य मला का लागलं, ते कळायला तुम्हांला थोडं मागं जावं लागेल. आजी लहानपणी शाळेत गेल्याच नव्हत्या. आपल्या देशात १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि पुढच्या वर्षांत गावोगावी मोठ्या माणसांसाठी वर्ग निघाले. दिवसभराची कामं उरकून बायका रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसत. आजी तेव्हा चाळिशीच्या घरात होत्या. पाटी कुणाची, तर याच धाकट्या मुलाची! तो दिवसा शाळेत न्यायचा, रात्री आई घ्यायची. आणि चुकलं की मुलगा आईला शिकवायचा. तुम्ही पहिलीत ज्या अक्षरांना कंटाळलात, ती आजींनी अशी मिळवलेली होती. ती गेली म्हणजे काय, याचा विचार करा.

मी फ्रेमकडे पाहिलं. काकाचा हसरा फोटो होता आणि खाली ओळ होती. अक्षरांची नाही, चौकोनांची! एका शेजारी एक, छोटे छोटे रिकामे चौकोन. आजींना वाटलं, सगळ्यांना इथं अक्षरं दिसत असतील, आपल्यालाच दिसत नाहीत. आणि विचारायची लाज वाटली.

मी आधी पेपर उघडून आजींच्या पुढं धरला. “वाचा बघू मोठा मथळा.” आजी वाचेनात. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत मथळा अख्खा वाचला. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघतच राहिल्या. अक्षरं जागच्या जागी होती. आजींची अक्षरं गेलेली नव्हतीच. अक्षरं येत नव्हती ती त्या फ्रेमला!

एवढ्यात नातीनं एक शोध लावला. “बाई, या चौकोनांत एक स्वल्पविराम आहे.” खरंच होता! तिनं मोजलं. आधी दोन चौकोन, मग स्वल्पविराम, मग बारा चौकोन, मोकळी जागा, आणि शेवटी आठ. काकाला फोन करून विचारलं, काय लिहिलं होतंस? तो म्हणाला, “आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा”. आता तुम्हीच मोजा. ‘आई’ची दोन अक्षरं जुळतात. पण ‘वाढदिवसाच्या’चे बारा चौकोन कसे?

त्याचं असं आहे. यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. म्हणून जगातल्या भाषांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक दिले आहेत. तुमचा हजेरीचा क्रमांक असतो ना, तसे! या यादीचं नाव युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि देवनागरी तिच्यात तेव्हापासून आहे. आपल्या लिपीसाठी तिथं १२८ घरं राखून ठेवली आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६, ‘ग’चा २३२७. ‘आ’ आहे २३१० आणि ‘ई’ आहे २३१२. म्हणजे काकानं ‘आई’ लिहिलं, तेव्हा मस्कतहून २३१० आणि २३१२ असे दोन आकडे निघाले आणि देवगडला पोचले.

या हजेरीत कान्याला, वेलांटीला, मात्रेला, उकाराला, इतकंच काय पाय मोडण्याच्या खुणेलासुद्धा आपापला क्रमांक आहे. मग ‘वाढदिवसाच्या’ची फोड करा: व, काना, ढ, द, वेलांटी, व, स, काना, च, पाय मोडल्याची खूण, य, काना. झाले की नाही बरोबर बारा? ‘शुभेच्छा’चे आठ तुम्ही करून पाहा.

आकडे तर नीट पोचले. पण फ्रेमनं आपल्या पोटात शोधलं, २३१० म्हणजे कसं काढायचं बरं? तिच्याजवळ देवनागरी अक्षरांच्या आकारांचा संच, म्हणजे फाँट, नव्हताच. बनवणाऱ्यांनी भरलाच नव्हता. आकार सापडला नाही की यंत्र रिकामा चौकोन काढतं. जणू म्हणतं, ‘इथं कुणीतरी आहे, पण मी त्याला ओळखत नाही.’ स्वल्पविराम मात्र इंग्रजी लिपीच्या संचातलाच असतो. तो फ्रेमच्या ओळखीचा होता, म्हणून तेवढा दिसला.

नुसता फाँट असूनही भागत नाही बरं का! ‘दि’ लिहिताना यादीप्रमाणे आधी ‘द’ येतो, मग वेलांटी. पण कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात. ती उचलून मागं नेऊन ठेवायची, ‘च’ आणि ‘छ’ जोडून ‘च्छ’ करायचा, हे नियमही यंत्राला शिकवावे लागतात. आपल्या फोनमध्ये आता हे सारं शिकवलेलं असतं. म्हणून काकाला त्याच्या फोनवर निरोप अगदी छान दिसला, आणि इकडे काय झालंय याची त्याला कल्पनाच आली नाही.

आता काय करायचं? फ्रेमला मराठी शिकवणं काही आमच्या हातात नव्हतं. इंग्रजीत लिहिलं असतं तर फ्रेमनं दाखवलं असतं, पण आजींना इंग्रजी येत नाही. आम्ही विचार करत बसलो होतो, तेवढ्यात एस.टी. स्टँडचा तो जुना फोटो पडद्यावर आला आणि नात ओरडली, “बाई, फ्रेमला मराठी येत नाही, मग गाडीवरची ‘देवगड’ची पाटी कशी दिसते?”

शाब्बास! मुलांनो, तुम्हांला येतंय का उत्तर?

भिंग घेऊन मोबाईलच्या उजळलेल्या पडद्याकडे पाहा. तिथं बारीक बारीक ठिपके दिसतील. आजींच्या फ्रेमच्या पडद्यावर आडवे १,२८० आणि उभे ८०० ठिपके आहेत. गुणाकार करा: १०,२४,०००! प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात आणि ते कमी-जास्त उजळून हवा तो रंग होतो. फोटो म्हणजे कुठला ठिपका कोणत्या रंगाचा, एवढंच. त्यात आंबा आहे, आजोबा आहेत की ‘देवगड’ ही अक्षरं आहेत, हे फ्रेमला कळायची गरज नाही. ती मुकाट्यानं ठिपके रंगवते. वाचायचं काम बघणाऱ्याचं!

मग युक्ती सोपी झाली. काकानं त्याच रात्री कोऱ्या कागदावर जाड पेनानं, मोठ्या अक्षरांत निरोप लिहिला आणि त्या कागदाचाच फोटो काढून पाठवला. फ्रेमवर पांढरा कागद उमटला. आजींनी चष्मा पुसला, काचेवर बोट ठेवलं आणि वाचलं, “आ... ई.” पुढचं वाचायला जरा वेळ लागला. मग म्हणाल्या, “‘ढ’ अजून तसोच काढता, शेपटी लांब!” यंत्राच्या अक्षरात ही शेपटी आली असती का हो?

पण आजींची एक तक्रार उरलीच. फ्रेम बोलते, ऐकत नाही. मुलाचा निरोप येतो, आपला कुठं लावायचा? शिवाय आमच्याकडे पावसात वीज गेली की फ्रेम काळी ठिक्कर. म्हणून आमच्या चौथीच्या वर्गानं कार्यानुभवाच्या तासाला आजींसाठी पुठ्ठ्याची चौकट केली. वीज नको, वायर नको, आणि निरोप रोज बदला! तुम्हीही करा.

साहित्य: जुन्या खोक्याचा पुठ्ठा, डिंक, १५ × १० सेंमी. चा फोटो, पांढरा जाड कागद, पट्टी, पेन्सिल.

कृती: २२ सेंमी. रुंद आणि २० सेंमी. उंच असे दोन पुठ्ठे कापा. त्यांतल्या एकात वरून ३ सेंमी. सोडून मधोमध १४ × ९ सेंमी. ची खिडकी कापा. तिच्याखाली २ सेंमी. सोडून १४ × ३ सेंमी. ची दुसरी खिडकी कापा. (कटर मोठ्या माणसांनीच चालवायचा हं!) मोठ्या खिडकीच्या मागं फोटो कडेनं चिकटवा. आता पुठ्ठ्याच्या १ सेंमी. रुंद, २२ सेंमी. लांब अशा तीन पट्ट्या घ्या. एक मागच्या बाजूला अगदी वरच्या कडेला लावा. दुसरी छोट्या खिडकीच्या वर आणि तिसरी खाली, खिडकीपासून अर्धा अर्धा सेंमी. सोडून लावा. तिन्ही पट्ट्यांवर डिंक लावून दुसरा पुठ्ठा चिकटवा. छोट्या खिडकीमागं दोन्ही बाजूंनी उघडा असा बोगदा तयार होईल. जाड कागदाच्या २६ सेंमी. लांब आणि पावणेचार सेंमी. रुंद पट्ट्या कापा, मधोमध निरोप लिहा आणि सरकवा. दोन्हीकडून टोकं बाहेर राहतील, ती धरून पट्टी बदलायची.

आमच्या चौकटीत आम्ही काकाचा फोटो लावला. पहिली पट्टी आजींनी स्वतः लिहिली. अर्धा तास लागला. “जेवलास काय?” एवढंच. नातीनं त्याचा फोटो काढून मस्कतला धाडला. आता दर रविवारी पट्टी बदलते.

पालकांसाठी दोन शब्द: घरातल्या मोठ्या माणसांना नवं यंत्र देताना पहिला दिवस त्यांच्याजवळ बसा. ‘दिसतंय ना?’ असं विचारलं तर ती ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘काय दिसतंय, मला सांगा’ असं विचारा.

आणि मुलांनो, हा तुमचा गृहपाठ. ‘ज’चा क्रमांक २३३२, ‘ब’चा २३४८, काना २३६६ आणि दुसरी वेलांटी २३६८. तर मग हे दोन शब्द ओळखा:

२३४८, २३६६, २३४८, २३६६
२३१०, २३३२, २३६८

ओळखलेत, की त्यांतल्या एकासाठी पहिली पट्टी लिहा. अक्षर मोठं काढा आणि ज्याला वाचायचंय त्याच्या ओळखीचं काढा.

तुमच्या,
बाई