शत्रूचे चित्र कोण रंगवितो?

जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेते उकळून चरबी काढतात, अशी बातमी एप्रिल १९१७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ व ‘डेली मेल’ने छापली. मूळ जर्मन शब्द जनावरांच्या मढ्यांसंबंधी होता. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री चेंबरलेन यांनी जर्मनीचा इन्कार पार्लमेंटात स्वीकारला तो १९२५ साली! तोवर दोन्हीकडचे लाखो कामकरी खंदकांत गाडले गेले होते. या असत्याची किंमत पुढे ज्यूंनीही मोजली. १९४२ मध्ये नाझींच्या नरसंहाराच्या खऱ्या वार्ता आल्या, तेव्हा ‘पुन्हा तीच थाप’ म्हणून अनेकांनी मान फिरविली. शत्रूला राक्षस ठरविणारा प्रचार अखेर सत्यावरील विश्वासच मारतो. म्हणून युद्धज्वरात बातमी पारखून घेणे हा देशद्रोह नव्हे; ते कार्यकर्त्याचे आद्य कर्तव्य होय.