गोल, जाड आणि ऊबदार

आवाज ही कानाने ऐकायची गोष्ट आहे, असं आम्हांला शाळेत शिकवलं होतं. नाकाला वास, जिभेला चव, कातडीला ऊन-थंडी आणि कानाला आवाज, असं पंचेंद्रियांचं रीतसर खातेवाटप झालेलं होतं आणि एका खात्याने दुसऱ्या खात्याच्या फायलीत लुडबूड करू नये, असा दंडक होता. बेस गिटार वाजवणाऱ्या मंडळींनी हा दंडक पार मोडून टाकला आहे. त्यांचा आवाज ‘वॉर्म’ असतो, म्हणजे ऊबदार. तो ‘फॅट’ असतो, ‘राउंड’ असतो, ‘वुडी’ असतो. म्हणजे जाड, गोल आणि लाकडी. बिघडला तर ‘मडी’ होतो, म्हणजे त्याचा चिखल होतो. ऐकू कसा येतो, हे मात्र कुणी सांगत नाही!

हे ज्ञान मला पुतण्याकडून मिळालं. नोकरी सांभाळून तो एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो आणि दर रविवारी त्या बँडची बैठक आमच्या बाहेरच्या खोलीत भरते. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेलो की मला पंच नेमलं जातं. “काका, तुम्ही त्रयस्थ आहात. हा आवाज फॅट वाटतो, की नुसता बूमी?” मला तो खालच्या बिऱ्हाडाच्या कपबशा हलवणारा वाटतो. पण त्यांच्या कोशात असा शब्द नाही.

ज्यांचा या वाद्याशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बेस गिटारला बहुधा चारच तारा असतात. दांडी लांब, तारा जाड आणि स्वर साध्या गिटारच्या एक सप्तक खाली. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. गाणं चालू असताना हे वाद्य आपल्याला वेगळं ऐकूच येत नाही. पण थांबलं की आई चार दिवस बाहेरगावी गेल्यावर घराचं जे होतं, ते गाण्याचं होतं.

आता माझं भांडण नीट ऐका. वादकांनी आवाजाला नावं ठेवू नयेत, असं मी म्हणत नाही. नावं ठेवल्याशिवाय आपल्याकडे मूलसुद्धा पाळण्यात घालत नाहीत. पण या शब्दांच्या दोन जाती आहेत. एक हातातून आलेले शब्द आणि दुसरे दुकानातून आलेले. पहिल्या जातीपुढे मी हात जोडतो. दुसरीला घराच्या उंबऱ्याच्या आत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातातले शब्द बघा. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने १९५१ साली आपला इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला, तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक. का? तर उभ्या डबल बेसला पडदे नसतात, तिथे स्वर अंदाजाने शोधावा लागतो. याला पडदे होते, बोट ठेवलं की स्वर हजर. या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच नाव असं सरळ पडलं असेल! लॅरी ग्रॅहम नावाचा वादक आपल्या आईबरोबर वाजवायचा. साथीला ड्रमवाला नव्हता, तेव्हा तो अंगठ्याने तार ठोकून ड्रमचं काम भागवू लागला आणि दुसऱ्या बोटाने तार ओढू लागला. या प्रकाराला त्याने ‘ठोकणं आणि ओढणं’ अशा अर्थाचंच नाव दिलं. ऐकणाऱ्याला अंगठा दिसतो. ‘डेड स्पॉट’ घ्या. पुष्कळ बेस गिटारींच्या दांडीवर एखाद्या जागी, विशेषतः सर्वांत बारीक तारेवर पाचव्या-सातव्या पडद्याच्या आसपास, स्वर लावताच विरून जातो. तिथे दांडीच त्या स्वराबरोबर थरथरू लागते आणि तारेची ताकद पिऊन टाकते. जागा मेलेली आहे म्हणून मेलेली म्हणतात. यात कविता नाही, पंचनामा आहे.

सगळ्यांत लाडका शब्द ‘म्वाह’. पडदे नसलेल्या बेसवर स्वर लावला की तो आधी दबका येतो आणि मग तोंड उघडल्यासारखा फुलतो. जाको पास्टोरियसने १९७० च्या दशकात आपल्या जॅझ बेसवर, दांडीला इपॉक्सीचा टणक थर देऊन, हा आवाज जगाला ऐकवला. तार दांडीच्या पृष्ठभागाला हलकेच घासत थरथरते, म्हणून तो स्वर असा उमलतो. आपल्याला यात नवल नाही. तंबोऱ्याची तार घोडीच्या रुंद पाठीवर अशीच घासते आणि त्यालाच आपण जवारी म्हणतो. मिरजेचा कारागीर जवारी ‘खुली’ किंवा ‘बंद’ म्हणतो, तेव्हा तो उसासे टाकत नाही. घोडीवर कानस फिरवतो. शब्द उच्चारला की हात हलतो. खऱ्या शब्दाची हीच ओळख!

आता दुकानातले शब्द. त्यांचा शिरोमणी म्हणजे ‘वॉर्म’. पुतण्या एके दिवशी उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाला, “काका, माझा आवाज थंड आहे.” मी आधी कपाळाला हात लावून पाहिला. मग कळलं की ताप नसून तक्रार गिटारची आहे. एका दुकानातल्या विक्रेत्याने त्याला सांगितलं होतं, की या वाद्यात ऊब नाहीच. ऊब हवी तर अमुक जुन्या घडणीचं घ्या. किंमत पुतण्याच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी. पहिल्या नोकरीच्या पैशातून घेतलेली गिटार विकायची आणि वर कर्ज काढायचं, असा बेत ठरत होता. तीन आठवडे त्याने वाद्याला हात लावला नाही. थंड गिटार कोण वाजवणार?

“ऊब म्हणजे काय रे?” मी विचारलं.

“ती सांगता येत नाही काका. ती फील होते.”

झालं! सांगता येत नाही, पण हप्त्याने घेता येते.

आता डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनचं उदाहरण घ्या. मोटाउनच्या १९६० च्या दशकातल्या असंख्य गाण्यांचा पाया या माणसाने घातला आणि त्याच्या आवाजाला सगळं जग ऊबदार म्हणतं. त्या उबेची सामग्री ऐका. पृष्ठभागावर चपटी पट्टी गुंडाळलेल्या जाड तारा, ज्या तुटल्याशिवाय तो बदलत नसे. ब्रिजच्या झाकणाखाली तारांना टेकलेला स्पंजचा तुकडा. आणि उजव्या हाताची एक तर्जनी. स्पंज आणि मळक्या तारा तारेतले वरचे, किणकिणणारे स्वर मारून टाकतात. खालचे तेवढे उरतात. एवढी ती ऊब! उलट इंग्लंडच्या जॉन एन्टविसलला झणझणीत आवाज हवा होता, तेव्हा १९६६ साली त्याने रोटोसाउंड कंपनीकडून गोल तार गुंडाळलेल्या तारा बनवून घेतल्या आणि तो मिळवला. दोघांनीही विशेषणं विकत घेतली नाहीत.

आमच्या शेजारचे निवृत्त इंजिनीअर म्हणतात, “मग शब्द हवेतच कशाला? आकड्यांत बोला. अडीचशे हर्ट्झच्या आसपास जास्त झालं की चिखल, आठशेच्या आसपास गुरगुर.” त्यांचं गणित बरोबर आहे, पण मी त्यांच्याही बाजूचा नाही. छोट्या ट्रान्झिस्टरच्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा स्वर जवळजवळ निघतच नाही. तरी आपल्याला तो ऐकू येतो. कारण ८२, १२३ असे त्याचे वरचे स्वर ऐकून कान मूळ स्वर आपल्या पदरचा घालतो. जो कान नसलेला स्वर भरून काढतो, त्याच्याशी नुसत्या आकड्यांत काय बोलणार? ‘गुरगुर’ हा शब्द राहू द्या. बोट ब्रिजकडे सरकवून तार जरा जोरात ओढली की वाद्य खरंच गुरगुरतं. कुत्र्यालाही पटेल.

स्वयंपाकघरातला भांडी घासायचा नवा स्पंज कापून मी पुतण्याच्या तारांखाली सरकवला. टोनचा नॉब त्याला उतरवायला लावला, हात दांडीकडे घ्यायला सांगितला. त्याने वाजवलं आणि आमची सौ. स्पंज शोधत बाहेर आली, ती तिथेच ऐकत उभी राहिली. पुतण्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “चांगला आहे काका, पण हा खरा वॉर्म नव्हे.”

मला राग आहे तो या वाक्याचा. पैसे जातात ते जाऊ देत; पैसे पुन्हा मिळतात. पण आवाज कानाला गोड लागत असताना, तो गोड आहे की नाही हे ज्याला दुकानात जाऊन विचारावं लागतं, त्याचा कान गेला. आणि बेस गिटारवाल्याचा कान गेला की मग चार तारांचं एक लांब फळकूट उरतं.

म्हणून माझी सगळ्या बेसवाल्यांना विनंती आहे. तुमच्या आवाजाला कुणी थंड, पातळ, चिखल काहीही म्हणालं, तर रागावू नका. फक्त एवढंच विचारा, “बरं, मग मी कुठलं बोट कुठे सरकवू?” उत्तर आलं तर त्या माणसाला गुरू करा. उत्तराऐवजी किंमत आली, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

स्पंजाचे पैसे मात्र पुतण्याकडून यायचे आहेत.